मनगटाएवढी जागा

सिंगापुरात येणारा प्रत्येक मराठी माणूस दोन वर्षांसाठीच येतो. विमानतळावर उतरल्या उतरल्या तो तसं सांगतो, पहिल्या गणपतीत मंडळातल्या लोकांना सांगतो, पुण्याला आईला फोनवर सांगतो. मग पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना घेतो, बिशानला फ्लॅट घेतो, स्वयंपाकघरातल्या टाइल्सना नावं ठेवत त्या बदलून घेतो आणि इथंच म्हातारा व्हायला लागतो. कारण विचारलं की उत्तरं तयार असतात: पगार, शाळा, स्वच्छता, रात्री-अपरात्री बाईमाणसाला फिरता येतं वगैरे. सुनेत्रा आणि शिरीष यांना कोणी विचारलं तर तीही हेच सांगत. खरं कारण चुआ चू कांगच्या दफनभूमीत, हिंदूंच्या भागात, आखूड आखूड कबरींच्या एका ओळीत होतं, आणि ते काही हळदीकुंकवाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या ओळीत त्यांची मुलगी होती. दोन हजार साली जन्मली आणि बारसं तोंडावर आलेलं असताना तापानं गेली. नाव ठेवायचं राहूनच गेलं. एवढ्या तान्ह्या बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. म्हणून तिला पुरलं. पुढं मूल झालं नाही. या बेटावर जिवंत माणसांनाच जागा पुरत नाही, तिथं मेलेल्यांना कायमची कुठून देणार? पंधरा वर्षं झाली की कबर उकरायची आणि जे मिळेल ते घरच्यांच्या हवाली करायचं, असा नियम होता आणि तो त्यांना तेव्हाच समजावून सांगितला होता. तेव्हा पंधरा वर्षं म्हणजे जन्मभर वाटली होती. आता जुलैतल्या एका शनिवारी सकाळी त्या ओळीची पाळी होती.

शिरीषनं महिनाभर आधी रजा टाकली. तो बँकेत हिशेबाच्या कामाला. वेळेच्या आधी तयार असणं हा त्याचा स्वभाव. सुनेत्रानं मात्र काहीच केलं नाही. गुरुवारची शिकवणीसुद्धा तिनं रद्द केली नाही.

गुरुवारी सहाव्या मजल्यावरची अवनी यायची. सेकंडरी वनला, म्हणजे आपल्या सातवीत होती, तोंडानं फटकळ, बोलता बोलता इथलं 'लाह' जोडणारी आणि डोक्यानं तल्लख. सुनेत्रा लग्नाआधी पुण्यात पुरातत्त्व शिकलेली, म्हणून आसपासच्या ब्लॉकमधल्या मुलांचा इतिहास तिच्याकडे असे. त्या दिवशी धडा होता नदीकाठच्या पहिल्या संस्कृतींचा. नाईल, तैग्रिस, युफ्रेटिस, सिंधू, पीत नदी.

"पहिली गावं, पहिली शहरं नदीकाठीच का वसली?" सुनेत्रानं विचारलं.

"वॉटर, फर्टाइल सॉइल, ट्रान्सपोर्ट." अवनीनं तीन बोटं दुमडली. "थ्री मार्क्स. सो ईझी लाह, आंटी."

एरवी सुनेत्रा पुढं गेली असती. पूर ओसरल्यावरचा गाळ, त्यातली जव-गव्हाची पिकं, उरलेल्या धान्याची कोठारं, कोठारांवर देखरेख करणारे, मग राजे, मग कर. हे सगळं तिला पाठ होतं. त्या दिवशी तिनं पुस्तक उपडं ठेवलं.

"हे झालं येण्याचं कारण. राहण्याचं काय?"

"सेम लाह."

"सेम कसं? गुरं घेऊन हिंडणारी माणसं पाण्यावर येतातच. चार महिने राहतात, जव पेरतात, कापतात आणि उठतात. दर वर्षी. मग एका वर्षी एका झोपडीतलं बाळ जातं. आमच्या प्रवरेच्या काठी मी असलं घर उकरलंय. त्या लोकांनी बाळाला दोन मडक्यांत ठेवलं होतं, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, आणि घराच्याच जमिनीत पुरलं होतं. चुलीपासून हातभर. आता पुढच्या हंगामात पुरुष म्हणाले, चला, की ती बाई निघेल? मला विचारशील तर गाव तिथून सुरू झालं. परीक्षेत लिहू नकोस हं, हे कुठल्या पुस्तकात नाही."

"अंडर द फ्लोअर? घरात? सो क्रीपी!" अवनीनं पाय खुर्चीवर घेतले. मग म्हणाली, "बट देन लेटर दे ऑल गो अवे, राइट? इंडस पीपल पण गेले. मग बेबी?"

"नदीनं पात्र बदललं, पाऊस कमी झाला..."

"नो, आंटी, नॉट द रिव्हर. द मदर. ती कशी गेली?"

पुढच्या आठवड्यात सांगते, असं म्हणून सुनेत्रानं मुलीला अर्धा तास आधीच सोडलं आणि अवनी टणाटण उड्या मारत लिफ्टकडे पळाली.

ते प्रवरेकाठचं टेकाड सुनेत्राच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. गावकरी त्याला पांढर म्हणत. जुन्या वस्तीची राखाडी, भुसभुशीत माती. दोन हिवाळे ती तिथं तंबूत राहिली होती. निशिकांत सर खणतीच्या काठावर उकिडवे बसून ओरडत, "मणी दिसले की हात आखडा! आधी बघा, मग उचला. हाड विरघळतं, दोरा कुजतो, पण मणी आपली जागा सोडत नाही. जिथं पडलाय तिथं काय होतं, ते तो सांगतो." सुनेत्राचा हात हलका म्हणून मण्यांचं काम तिच्याकडे. दोन काळे, एक लाल अकीक, पुन्हा दोन काळे, असा एक सर तिनं जसा सापडला तसा पुन्हा ओवला होता. पुढं दिवस राहिले तेव्हा तिनं खंभातचे बारीक अकीक मागवले आणि क्लेमेंटीच्या भाड्याच्या खोलीत बसून बाळासाठी मनगट्या ओवल्या. दोन काळे, एक लाल. पाचवीच्या पूजेला त्या बाळाच्या हातात घातल्या. एवढीशी मनगटं, त्यांनाही त्या सैल झाल्या, म्हणून तिनं दोऱ्याला आणखी एक गाठ मारली.

त्या मनगट्यांवरून तिचा शिरीषवर जो राग होता, तो पंधरा वर्षं मुरला होता. बाळंतीण म्हणून तिला घरीच ठेवलं. बारशासाठी नाशिकहून आलेला मोठा दीर रवींद्र आणि शिरीष, दोघंच दफनभूमीत गेले. रवींद्रदादा निघतानाच बजावत होता, अंगावर काही ठेवायचं नाही, नाहीतर जीव अडकतो. परत आले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मनगट्या?"

"काढल्या," शिरीष म्हणाला. "गडबडीत तिथंच कुठंतरी पडल्या."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण दोन मनगट्या ज्याला सांभाळता आल्या नाहीत त्या माणसाबरोबर आपण संसार करतोय, हे ती एक दिवसही विसरली नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून तो काही बोलला, तरी तिच्या मनात तेच येई. भांडणात ती हे कधी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी एक गोष्ट मात्र तिनंच त्याच्यापासून लपवली होती. प्रवरेकाठच्या मातीत चुना असतो, म्हणून तीन हजार वर्षांमागची बाळं तिला सापडली. इथली माती तांबडी, आंबट, बारा महिने ओली. मोठ्या माणसाची हाडं तिच्यात मऊ पडतात, तर तान्ह्या बाळाची पाच-सात वर्षांत पाणी होऊन जातात. उकरल्यावर काहीही मिळणार नाही हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि शिरीष महिनाभर अस्थींच्या गोष्टी करत होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो लिटल इंडियातून तांब्याचा कलश घेऊन आला. लाल फडकं, सुपारी, उदबत्त्या, सगळं आणलं होतं. "मंडाईच्या दहनगृहात दहन करून घेऊ," तो म्हणाला, "आणि अस्थी रामकुंडात सोडू. गोदावरीत. आपल्या नदीत." कलश त्यानं पंचानं पुसला, पुन्हा पुसला.

जेवणानंतर दोघं पार्कात गेली. तिथं पूर्वी काँक्रीटचा कालवा होता. सरकारनं तो फोडून त्याची पुन्हा वळणं घेणारी नदी केली होती आणि लोक बगळे बघायला येत होते. या बिशानचंही एक होतं. आधी इथं चिन्यांची मोठी दफनभूमी होती. हजारो कबरी हलवल्या आणि त्यावर ब्लॉक उभे राहिले, एमआरटीची मेट्रो आली. इथं कोणाला त्याचं काही वाटत नसे. सुनेत्राला वाटे, पण ती तरी त्याच मातीवर इतकी वर्षं पोळ्या लाटत होती.

"सुनू," शिरीष नदीकडे बघत म्हणाला, "हे झालं की जाऊ या का आपण? पुण्याला. दोनदा ट्रान्सफर सोडली मी. तू नाही म्हणालीस म्हणून नाही हं, मलाही... पण आता तिलाच घेऊन जायचंय ना."

आता सांगायला हवं, असं तिला वाटलं. शिरीष, नेण्यासारखं काही निघणार नाही. पण त्यानं दोन वेळा पुसलेला तो कलश तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"बघू," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ओळीवर हिरव्या ताडपत्रीचा मांडव घातलेला होता. कंत्राटदाराचा मुकादम कोह नावाचा साठीचा चिनी गृहस्थ होता, हातात कापडी टोपी आणि मानेवर ओला रुमाल. एक तमिळ कामगार कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून फावडं चालवत होता. सुनेत्रानं पूजेची पिशवी खाली ठेवली. तिच्यात पंचामृतासाठी दोन स्टीलच्या वाट्या होत्या, हळद-कुंकू होतं, दहीभात होता.

कोहनं कलशाकडे पाहिलं, मग दोघांच्या तोंडाकडे.

"बेबी, आह? मॅडम, बेबी ऑल्वेज नथिंग लेफ्ट वन. टेक सम सॉइल, कॅन ऑलरेडी." त्याच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. रोज सांगावी लागणारी गोष्ट तो शक्य तितक्या हळू सांगत होता.

शिरीष सुनेत्राकडे वळला. "काहीच नाही म्हणजे?"

"इथली माती हाडं ठेवत नाही, शिरीष."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

तो चिडेल असं तिला वाटलं. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो बाजूच्या कट्ट्यावर मटकन बसला, कलश गुडघ्यांत धरून, आणि त्याचा चेहरा असा झाला की तिला त्याच्याकडे बघवेना. आपण हे करायला नको होतं, निदान काल तरी सांगायला हवं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. खड्ड्यातून फावड्याचा खरखर आवाज येत होता.

एकाएकी शिरीष उठला. "अंकल, स्लोली! प्लीज, टेल हिम स्लोली." पुढचं त्याच्या तोंडून मराठीतच निघालं. "फावडं नको. हातानं काढायला सांगा."

आता हळू काढून काय होणार, असं तिच्या मनात आलं. पण सवयीनं तिनं खड्ड्यात पाहिलं आणि पाहिल्यावर तिला दिसलं. तांबड्या मातीत एक काळपट चौकोन उमटला होता, पाटाएवढा. पेटीचं लाकूड कुजून गेलं होतं आणि त्याचा रंग मातीत उरला होता. अशी चौकट तिनं दहा वेळा तरी ओळखली होती, सरांनी दाखवायच्या आधी.

"थांबा," ती मराठीतच ओरडली. कामगाराला भाषा कळली नाही तरी तो थांबला. तिनं चपला काढल्या, त्याला बाहेर यायची खूण केली आणि ओढणी कमरेला खोचून ती खड्ड्यात उतरली. हत्यार काही नव्हतं. पूजेच्या पिशवीतली एक उदबत्ती तिनं मागितली, तिचा मसाला खरवडून टाकला आणि नुसत्या काडीनं ती चौकोनातली माती सारू लागली. उकिडवं बसून, श्वास धरून, तळहाताएवढी जागा घेऊन, मग पुढची. पंचवीस वर्षांत हे केलं नव्हतं, पण हात विसरला नव्हता.

आधी एक लाल ठिपका दिसला. मग त्याच्या अलीकडे दोन काळे.

हात आखडा. आधी बघा.

तिनं हात आखडला. काडीच्या टोकानं कडेची माती उडवली, फुंकर घातली. दोन काळे, एक लाल, दोन काळे, एक लाल. दोरा नव्हता. एक मणी बाजूला घरंगळला होता. बाकीचे सगळे जिथल्या तिथं, एखाद्या मोठ्या नाण्याएवढ्या गोलात. पलीकडे वीतभर अंतरावर दुसरं कडं होतं, तेवढं नीट नव्हतं, अर्धं विखुरलेलं. कड्याच्या आत माती होती. बाहेरच्या मातीसारखीच, तांबडी, ओली. पण त्या गोलात काय होतं हे सांगायला तिला कोणाची गरज नव्हती. तिनं तिथं आणखी एक गाठ मारलेली होती.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. कोहनं पुढच्या मांडवाकडे नजर टाकली, घड्याळाकडे पाहिलं आणि टोपी छातीशी धरली. "टेक युअर टाइम, मॅडम," तो म्हणाला. "नेक्स्ट वन कॅन वेट."

"माझ्याच्यानं दोरा तोडवला नाही गं," वरून शिरीष म्हणाला. तो खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसला होता. "दादा म्हणत होता, काढ, काढ. मी दुपटं पुढं ओढलं आणि हात झाकले. काढल्या म्हणून सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"दादा समोर उभा होता. मग राहिलं. आणि मग तू इथून हलेनास. पुण्याचं नाव काढलं की तुझा चेहरा... अंगावर काही राहिलं तर जीव अडकतो, म्हणाला होता ना तो. मला वाटलं, अडकला. तिचा नाही, तुझा. माझ्यामुळं. मग कोणत्या तोंडानं सांगू?"

तिला त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली आणि त्याला कवटाळावंसंही वाटलं. दोन्हींतलं काही करता आलं नाही, कारण त्या खड्ड्यात एकाच माणसाची जागा होती. पंधरा वर्षं तिनं ज्याच्यावर दात धरला, तो हा. पंधरा वर्षं त्यानं आपल्या मानलेल्या पापाचा हिशेब एकट्यानं वाहिला. आणि दोघांच्या मधे, तेवढाच काळ, हे मणी गुपचूप आपल्या जागेवर बसून होते. ती हमसून हमसून रडली, तशीच मातीत बसून, कामगारासमोर, कोहसमोर.

मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि ती वर आली. "तू उचल," ती म्हणाली. "तू ठेवलंस, तूच उचल. मण्यांना हात लावू नकोस. खालून, मातीसकट."

शिरीष उतरला. दोन्ही तळवे मातीत खुपसून त्यानं ढेकूळ अलगद उचललं, वर ते कडं. कलशाचं तोंड अरुंद होतं; आत घालायचं तर कडं मोडलं असतं. तो तसाच हात पसरून उभा राहिला. सुनेत्रानं पंचामृताची वाटी पुढं केली, त्यानं ढेकूळ तिच्यात ठेवलं, आणि तिनं दुसरी वाटी वरून उपडी घातली, तोंडाला तोंड लावून. लाल फडक्यात त्या घट्ट बांधल्या. विखुरलेले मणी आणि मूठभर माती कलशात गेली. दहीभात खड्ड्याच्या काठावर ठेवला. कामगारानं विचारल्यासारखं पाहिलं, सुनेत्रानं मान हलवली, आणि तो माती ओढू लागला. बघता बघता ती जागा बाजूच्या जागेसारखी झाली.

टॅक्सीत दोघं मागं बसली. वाट्या सुनेत्राच्या मांडीवर होत्या. तिला अवनीचा प्रश्न आठवला. उत्तर इतकी वर्षं तिच्या हाताखाली होतं आणि तिनं पाहिलं नव्हतं. प्रवरेकाठचे ते कुंभ जमिनीतच सापडले होते, चुलीपासून हातभर, जसेच्या तसे. म्हणजे त्या बायका ते तिथंच ठेवून गेल्या होत्या. कोणी ओढून नेलं असेल, कोणी आपल्या पायांनी गेली असेल. मागं राहिलेलं मूल मग एका पुण्याच्या पोरीनं उकरलं, नंबर घातला आणि कपाटात ठेवलं. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. शाबासकी मिळाली म्हणून आनंदच झाला होता.

"शिरीष," ती म्हणाली, "पुण्याला जायचं तर जाऊ. आता इथं आपलं कोणी नाही."

इतकी वर्षं ज्या वाक्याची त्यानं वाट पाहिली होती ते ऐकून शिरीषनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ड्रायव्हरनं रेडिओ बारीक केला. सुनेत्राला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण पुढं मोठं वळण येत होतं, आणि आतले मणी हलू नयेत म्हणून तिनं वाट्या दोन्ही हातांनी धरून ठेवल्या होत्या.